एका गालापुरतं क्रीम

छापील चित्रावर माझा चटकन विश्वास बसत नाही. रत्नागिरीजवळ आमची आंब्याची बाग आहे, आणि 'रत्नागिरी हापूस' असं ठसठशीत छापलेल्या पेट्यांतून कुठकुठले आंबे खपवले जातात ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे धाकट्या जावेने सुरकुत्यांवरच्या क्रीमची डबी माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी आधी डबीवरच्या नटीकडेच रोखून पाहिलं. मी कॉलेजात असताना ही बाई पडद्यावर आली. म्हणजे पन्नाशी तिनेही ओलांडलेली असणार. आणि कपाळावर एक रेघ नाही! रेघा पुसल्या कुणी, क्रीमने की फोटो काढणाऱ्याने?

"वैनी, लावून तर बघा," जाऊ म्हणाली. "मे महिन्यात भावजी येतायत ना?"

हे मला झोंबलं, कारण नेमकं वर्मावर बोट होतं. आमचे हे जहाजावर असतात. गणपती करून गेलेले, ते आंब्याच्या दिवसांत परतणार होते. व्हिडिओ कॉलवर मी उजेड पाठीमागे राहील अशा बेताने बसायचे. त्या वर्षात माझा चेहरा फार उतरला होता. समोर आल्यावर यांना मी म्हातारी वाटेन, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा.

म्हणून डबी ठेवून घेतली. पण सगळा चेहरा काही तिच्या हवाली केला नाही. बागेत नवं औषध आलं की आम्ही ते आधी एका कलमावर मारतो, शेजारचं कलम तसंच ठेवतो आणि वाट बघतो. मी क्रीम फक्त डाव्या गालाला लावू लागले. उजवा गाल आपला खोबरेल तेलावर. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

मोहोर गळून कैऱ्या धरल्या, तरी आरशासमोर माझं काही ठरेना. डावा गाल जरा तुकतुकीत वाटला, की लगेच शंका यायची, खिडकी त्याच बाजूला आहे म्हणून तर नाही? मग मी आरसा घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. खरं सांगायचं तर फरक पडावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

शेवटी जावेलाच विचारलं. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि ओरडलीच, "पडलाय ना फरक! ह्यो गाल बघा कसा मऊ झालाय!"

तिचं बोट उजव्या गालावर होतं. मी हसत सुटले. तिला काही कळेना. पण डबी तिला परत करताना मनातून मी खट्टू झाले होते.

मे महिन्यात हे आले. स्टेशनवर उतरले ते डोक्यावर टोपी घालूनच. गेले कित्येक महिने फोनवरही ती असायचीच. जहाजावरचा एसी फार गार असतो, म्हणायचे. पेटीतला एकेक आंबा उलटून बघणारी मी, पण त्या टोपीचा मला कधी संशय आला नव्हता. घरी पडवीत टेकल्यावर त्यांनी ती काढली. जाताना काळेभोर असलेले केस पार पांढरे झाले होते, आणि तेही मोजकेच उरले होते. माझ्या गालांकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. माझ्या तोंडावर काय उमटतंय, तेवढंच ते बघत होते.

"लय म्हातारा दिसतंय काय गो मी?"

मी डबीवरच्या त्या नटीसारखी गोड हसले.

"छे हो! गेलात तसेच आलात."

त्यांना ते तिथल्या तिथे पटलं.