आधी मास्तर तं ठरू दे

हुडकेश्वरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकांनी निवृत्त झाल्यावर ड्रमसेट घेतला. त्या रात्री आमच्या घरात जागा बदलण्यावर गंभीर चर्चा झाली. ती उगाच झाली, कारण काका वाजवतच नाहीत. ते शिकण्याची तयारी करतात.

आधी पुस्तकं मागवली, ती इंग्रजीत निघाली. मग हिंदीतलं मागवलं, ते तबल्याचं निघालं. आता ते कूलरसमोर बसून मोबाईलवर व्हिडिओ पाहतात. एक मास्तर फार हसतो म्हणून बाद. दुसऱ्याच्या टकलावर त्यांचा विश्वास बसला होता, पण तो च्युइंगम चघळत शिकवतो. ड्रमवर चादर असते आणि चादरीवर काकूंच्या घड्या घातलेल्या साड्या.

"सुरू काहून नाही करत, काका?"

"पहिले मास्तर तं ठरू दे गा! हात एकदा चुकीचा बसला का मंग जन्मभर सुधरत नाही."

परवा विरजण मागायला गेलो, तर चादर खाली पडली होती आणि काकांनी दोन्ही काड्या उगारल्या होत्या. चेहरा बोहल्यावरच्या नवरदेवासारखा फुलला होता. मी दारातूनच ओरडलो.

"काका, थांबा! एक नवा मास्तर आला ना. तो म्हणून राहिला, सगळे काडीच चुकीची धरतात."

काकांनी काड्या हळूच खाली ठेवल्या, ड्रमवर चादर नीट पांघरली आणि माझा हात घट्ट धरला.

"बरं झालं गा, टायमावर आला तू. नाही तं आज वाजवूनच टाकलं असतं मी!"