पोट्टीचा डबा

माझ्या सासऱ्यांनी माझ्या दुधाला कधी दूध म्हटलं नाही. ते त्याला डबा म्हणत. "पोट्टीचा डबा कुठी ठेवला?" एवढंच विचारायचे, तेही फ्रिजकडे बघून.

पोट्टी, म्हणजे माझी लेक, पाच महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. घर रायपूरच्या चौबे कॉलनीत, ऑफिस लांब नवा रायपूरला. दुपारी येऊन पाजून जाणं शक्यच नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, नवरा कोरब्याला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी येणारा. उरले बाबा, म्हणजे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. अंगणात माझे कपडे वाळत असले तर मान खाली घालून लांबून वळसा घेणारा माणूस. त्यांच्या हाती माझं दूध द्यायचं, या विचारानंच मला घाम फुटायचा. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. माझं गाढव म्हणजे तो दूध काढायचा पंप, आणि तो ओरडायचाही तसाच.

सकाळी मी दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायचे. फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावली: उकळू नये, बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट करावी. रबरी बूच लेक तोंडात धरत नव्हती, म्हणून सासूबाईंचं चांदीचं बोंडलं बाहेर काढलं.

तीन दिवस माझ्यामागे पोरगी थेंब प्यायली नाही. ओठ घट्ट मिटायची, घातलेलं बाहेर काढायची आणि रडून रडून झोपायची. तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी भरलेली बाटली माझ्यापुढे ठेवली, चूक त्यांचीच असल्यासारखी. मी ते दूध मोरीत ओतलं आणि रडले. त्यांच्यावर चिडलेही. खरं तर चिडायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, मी शुक्रवारी राजीनामा देते."

"काहून? दोन दिवस थांब न बेटा. मी पाहून राहिलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "पेली. अख्खा डबा पेली."

माझा विश्वास बसला नाही. माझी नोकरी जाऊ नये म्हणून बाबा दूध ओतून देत असतील, आणि लेक तिकडे उपाशी, असंच मनात आलं. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि न सांगता घरी आले. राजीनामा पर्समध्येच होता.

खिडकीतून पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते. माझी कालची ओढणी, धुवायच्या टोपलीतली, त्यांनी डोक्यावरून घेऊन छातीशी गुंडाळली होती. खाली त्या पांढऱ्या मिशा. लेकीनं ओढणीचं टोक मुठीत धरून नाकाशी घेतलं होतं. तिला माझा वास हवा होता, आणि हे मला, तिच्या आईला, सुचलं नव्हतं. बाबा बोंडलं तिच्या ओठाला लावत होते आणि दर घोटाला एक स्टेशन घेत होते, "भिलाई... दुर्ग... घे माय... राजनांदगाव..."

आत धावावं, त्यांच्या पाया पडावं असं वाटलं. पण मी पाहिलं हे त्यांना कळलं असतं, तर ती ओढणी त्यांनी पुन्हा हातात धरली नसती. मी मागे फिरले. आतून बाबांचं गोंदिया ऐकू येईपर्यंत रस्त्यावर उभी राहिले, मग फाटक जोरात वाजवलं, बेल दाबली आणि वाट पाहिली.

बाबांनी दार उघडलं. खांद्यावर लेक होती, ओढणी कुठेच नव्हती. "आज लवकर आली?"

"डोकं दुखत होतं, बाबा."

सोमवारी आंघोळीनंतर, रात्रभर अंगावर असलेली ओढणी टोपलीत टाकायला गेले आणि परत आले. घडी घालून ती बाबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. ते चहा पीत होते. त्यांनी ओढणीकडे पाहिलं, मग लगेच फ्रिजकडे.

"डबा भरला?"

"भरला, बाबा," मी म्हटलं आणि चपला घातल्या.