भट्ट्यांच्या गल्लीतली दुकानं

आग्रा रोडच्या बाजूला, नाशिकची वस्ती जिथे विरळ होत जाई, तिथे एक लांबट माळ होता. ओतारी, तांबट, रंगारी यांच्या भट्ट्या गावात राहिल्या तर एखाद्या दिवशी आळीच्या आळी जळेल, या भीतीने आमच्या शहर कमिटीने तो माळ फार पूर्वी कारखान्यांसाठी राखून ठेवला होता. तिथे दुकान काढायचं नाही आणि बिऱ्हाडही करायचं नाही, असा नियम होता. तो नियम मोडायला ज्यांनी हात वर केले, त्यांत माझाही एक हात होता.

मंदीची वर्षं होती ती. माझी वकिली जेमतेम चालायची, पण बोलणं बरं होतं, म्हणून पहिल्याच खेपेला कमिटीवर निवडून आलो होतो. माळावरच्या निम्म्या शेड ओस पडल्या होत्या. अशात कापडपेठेतल्या एका शेठजींनी अर्ज दिला की, रस्त्याकडच्या मोकळ्या जागांवर दुकानं काढायची परवानगी मिळावी.

सभेच्या दिवशी माळावरचे कारागीर मागे येऊन उभे राहिले. पहिला बोलला एक म्हातारा रंगारी, आणि तो दुकानांच्या बाजूने बोलला.

"साहेब, सहा महिने झाले, माझे रांजण कोरडे आहेत. व्यापारी माल उचलत नाही. मला तिथेच दुकान काढू द्या. मी रंगवलेलं लुगडं मीच विकीन, मुलं तरी जेवतील."

मग समया आणि देवळांच्या घंटा ओतणारा एक ओतारी पुढे आला. पन्नाशीचा, उंच, पायांच्या नडग्यांवर भाजल्याचे पांढरे डाग.

"दुकान आलं की गिऱ्हाईक येणार, गिऱ्हाइकाबरोबर बायकापोरं येणार, गाड्या येणार," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत पितळ पाण्यासारखं वाहतं. या दोन गोष्टी एकत्र नांदायच्या नाहीत. आणि काही झालं, तर तुम्ही दुकानं उठवणार नाही. आम्हाला उठवाल."

सभेत हशा पिकला. शेठजी हसतच म्हणाले, "अहो, तुम्हाला उठवायला कोण येतंय? तुमच्या समया आमच्याच फळीवर मांडू की!"

मतं समसमान होती, माझं तेवढं अजून ठरलं नव्हतं. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर गेलो.

ओतारी आणि त्याचा पुतण्या ओतकाम करत होते. वितळलेल्या धातूने भरलेली मूस दोघांनी लांब सांडशीत धरून भट्टीतून काढली आणि गल्ली ओलांडून समोरच्या शेडमधल्या साच्यांकडे नेली. गल्लीच्या मधून रंगाऱ्यांचं उघडं गटार वाहत होतं, पाणी जांभळट. दोघं ते ओलांडताना श्वास धरून चालत होते.

काम झाल्यावर ओताऱ्याने मुशीत उरलेलं थोडं पितळ पळीत घेतलं. मला मागे सरायला सांगितलं आणि ते गटाराच्या काठच्या ओल्या मातीवर टाकलं. फटाक्यासारखा आवाज झाला. ठिणग्या माझ्या डोक्याच्या वरून गेल्या.

"हे पळीभर होतं," तो म्हणाला. "मुशीत वीस शेर असतं."

मी घरी आलो ते घाबरूनच. पण रंगाऱ्याचे कोरडे रांजणही डोळ्यांपुढून जाईनात. शेवटी वकिली डोक्याने तोड काढली: दुकानं फक्त रस्त्याकडच्या ओळीत, दुकानं आणि भट्ट्यांच्या मध्ये पुरुषभर उंच भिंत, गटारावर फरशा, आणि गाड्या गल्लीबाहेर. अटी पाळल्या जातात की नाही, हे मीच पाहायचं असंही ठरलं. ठराव दोन मतांनी पास झाला. लोकांनी माझी पाठ थोपटली, आणि मला ते आवडलं.

वर्षभरात दुकानांची ओळ उभी राहिली. भिंत मात्र कमरेइतकी येऊन थांबली. मी दोनदा गेलो. शेठजींनी दोन्ही वेळा चहा पाजला आणि दोन्ही वेळा म्हणाले, "वकीलसाहेब, एवढी दिवाळी जाऊ द्या." गटारावर चार फरशा पडल्या, त्याही दुकानाच्या दारापुरत्या. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही.

एकदा माझी बायको तिथून कापड घेऊन आली. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "अहो, तिथे एक उंच माणूस आहे, तो वेडा आहे का? भिंतीपाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येक बाईवर ओरडतो. 'पोराला कडेवर घ्या, खाली सोडू नका.' मला तर धडकीच भरली."

"त्याला दुकानं नको होती," एवढंच मी म्हणालो आणि वर्तमानपत्र उघडलं. वाचलं काहीच नाही.

लग्नसराईत ते घडलं. चांदवडकडचं एक कुटुंब मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं. रस्त्यावर गाड्यांची दाटी, म्हणून गाडीवानाने आपली गाडी अपुऱ्या भिंतीला वळसा घालून गल्लीत सावलीला लावली. बैल सोडलेले नव्हते. पलीकडच्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनाने फटकन बार काढला आणि बैल बुजले. गाडी मागे रेटली गेली. तेव्हाच ओतारी आणि पुतण्या मूस घेऊन गल्ली ओलांडत होते. पुतण्या मागे होता. गाडीचा मागचा भाग त्याच्या पाठीवर आदळला आणि मूस गटारात पडली.

आवाज मी कोर्टाच्या आवारात ऐकला. कसला आहे हे न सांगता कळलं. धावत जाताना वाटेत मी स्वतःशी पुटपुटत होतो, "भिंत, भिंत."

पुतण्याचे दोन्ही डोळे गेले. नवऱ्या मुलीची आई गाडीत बसून होती, तिचा एक हात आणि अर्धा चेहरा भाजला. ती जगली. लग्न पुढे ढकललं, मग मोडलं, असं कानावर आलं. दुकानाच्या फळीवरची नवी लुगडी ठिणग्यांनी चाळणीसारखी झाली होती. शेठजी ती एकेक उलगडून लोकांना दाखवत होते.

पंधरा दिवसांत दुसरा अर्ज आला. भट्ट्यांमुळे गिऱ्हाइकांच्या जिवाला धोका आहे, तरी त्या हलवाव्यात. खाली दुकानदारांच्या सह्या होत्या. त्यांत रंगाऱ्याचीही होती. त्याचं दुकान बरं चालू लागलं होतं.

ओतारी या वेळी मागे उभा होता, पण बोलायला पुढे आला नाही. मी उठलो. भिंत बांधली नाही ही चूक शेठजींची, आणि ती बांधून घेतली नाही ही माझी, असं म्हणालो. कोणी हसलं नाही, पण कोणी वरही पाहिलं नाही. अर्जाच्या विरोधात मी आणि आणखी एक सभासद असे दोघेच निघालो, आणि अर्ज मंजूर झाला.

दारात मी ओताऱ्याला गाठलं. "माझी चूक झाली," म्हणालो.

तो थांबला. "वकीलसाहेब, तुम्ही त्या सकाळी घाबरला होता. मी पाहिलं होतं. मला वाटलं, घाबरलेला माणूस विसरत नाही." मग पायऱ्या उतरून गेला.

पावसाळ्याआधी त्याने आपली भट्टी स्वतःच्या हाताने पाडली आणि आंधळ्या पुतण्याला गाडीत बसवून कळवणकडे गेला. तिथे ओतकामाला गिऱ्हाईक मिळालं की नाही, मी विचारलं नाही. वर्षाच्या आत माळावर एकही भट्टी उरली नाही. गटारावर मात्र आता या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशा आल्या.

पुढच्या निवडणुकीला मी उभा राहणार नव्हतो. शेठजी घरी आले आणि त्यांनी माझं मन वळवलं. मी निवडून आलो. कापडपेठेची जवळजवळ सगळी मतं मलाच पडली होती.