ब्रेक कुणी जाळला

माझ्या सासूबाईंचं उजवं मनगट वाकडं आहे, आणि सहा वर्षं घरातल्या सगळ्यांच्या मते ते माझ्यामुळे वाकडं झालं होतं.

आम्ही धारूरला राहतो. घरचं कापडदुकान आहे आणि मी घाटाखालच्या एका गावात शाळेत शिकवते. शाळेसाठी म्हणून एक जुनी गाडी घेतली आणि मी चालवायला शिकले, हे माझ्या थोरल्या दिरांना कधी रुचलं नाही. तोंडावर ते काही म्हणत नसत. मी चावी उचलली की सासूबाईंकडे बघून हसत, एवढंच.

तो अपघात झाला तेव्हा सीताफळांचे दिवस होते. सासूबाईंना खाली तेलगावकडे बहिणीकडे सोडायचं होतं. गाडी दीर चालवत होते. घाट लागला की ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकत आणि सगळा उतार ब्रेकवर उतरत. तेवढंच पेट्रोल वाचतं, असं त्यांचं म्हणणं. निम्मा घाट उतरल्यावर त्यांनी सीताफळवाल्या बाईपाशी गाडी थांबवली. खाली उतरून एका चाकाजवळ वाकले, सरळ झाले आणि मला म्हणाले, की आता थोडाच उतार राहिलाय, तू घे, मला दुकानात फोन करायचाय.

मला बरं वाटलं. पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन चावी दिली होती.

पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घालून मी थांबवली. डावीकडे घातली असती तर दरीच होती. सासूबाई पुढच्या सीटवर आपटल्या, मनगट मोडलं. बघायला जमलेल्या लोकांसमोर दीर म्हणाले, "बाईच्या हातात गाडी दिली, चूक माझीच हाय."

ते वाक्य मग सोयऱ्याधायऱ्यांत फिरलं. नवऱ्यानंही चावी कपाटात ठेवली. मी एसटीनं शाळेत जाऊ लागले.

खरं मला कळलं ते गाडी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून. चाक उघडून त्यानं मला निळी पडलेली चकती दाखवली. म्हणाला, "बाई, एका वळणात एवढं जळत न्हाई. हे वरपासून जळत आलंय. आतलं तेल उकळलं की पाय खाली जातो. तुमच्या हातात आली तवा गाडीला ब्रेकच नव्हता."

मी घरी येऊन सांगितलं. मिस्त्री काहीही सांगतात, असं दीर म्हणाले आणि विषय संपला. माझा संपला नाही. पुढचे चार रविवार मी त्या मिस्त्रीकडे जाऊन बसले. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, वेग वाढला की जोरात दाबून सोडून द्यायचा, तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही. आणि गियरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरलं तर इंजिन पेट्रोलही पीत नाही, हेही त्यानंच सांगितलं. हे सगळं मी पाढ्यासारखं पाठ केलं. दिरांचं तोंड डोळ्यांसमोर आणून पाठ केलं.

गेल्या वर्षी पुतणीचं लग्न ठरलं. कार्यालय बघायला आम्ही तेलगावला निघालो. दिरांची नवी मोठी गाडी, शेजारी त्यांचे होणारे व्याही, मागे सासूबाई आणि मी. घाट सुरू झाला आणि दिरांनी दांडा न्यूट्रलला आणला.

तिसऱ्या वळणावर मला वास आला. जळक्या रबरासारखा, घशात बसणारा. मला तो ओळखता येत होता आणि मी बोलले नाही. दोन वळणं गप्प बसले. सासूबाई शेजारी होत्या, तरी बसले. व्याह्यांनी काय जळतंय म्हणून विचारलं, तेव्हा कुणीतरी बांध पेटवला असेल, असं दीर म्हणाले. मला हसू आलं.

मग त्यांचा पाय खालीवर व्हायला लागला. मानेवर घाम दिसला.

"दादा, तिसरा टाका," मी म्हणाले. "आता दुसरा. इंजिन बंद करू नका. हँडब्रेक हळूहळू ओढा. गाडी डोंगराकडं घ्या."

त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. इंजिन ओरडलं, वेग पडला, आणि रस्त्याच्या कामाच्या मुरमाच्या ढिगात गाडी रुतून थांबली. चाकांतून धूर निघत होता. दीर पाण्याची कॅन घेऊन धावले, मी ती हातातून काढून घेतली. चाकं आपोआप गार होऊ द्यायची, तासभर लागेल, असं मी म्हणाले.

तो तास मी त्यांना सोडलं नाही. सगळे लिंबाच्या सावलीत बसले होते. मी व्याह्यांना सहा वर्षांपूर्वीची हकिकत पहिल्यापासून सांगितली, वर्गात धडा समजावते तशी. दीर मधे बोलायला लागले की थांबायची, आणि पुन्हा मागच्या वाक्यापासून सुरू करायची. शेवटी विचारलं, "दादा, त्या दिवशी ब्रेक कुणी जाळला?"

चाक गार झालं का बघतो म्हणून ते उठायला लागले. मी पुन्हा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "सांग की."

"पाय खाली जायला लागलाता," ते म्हणाले. "वाटलं, ही हळू चालवती, जाईल उतरून."

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं मी त्यांना अडाणी समजत होते.

चाकं गार झाल्यावर मिस्त्रीला फोन लावून विचारलं आणि पहिल्या गियरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं, मी गाडी खाली नेली. व्याही शेजारी बसले होते. दीर मागे, सासूबाईंच्या बाजूला. खाली पोचेपर्यंत सासूबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

सूड घेतला की माणसाला पोकळ वाटतं म्हणतात. मला त्या संध्याकाळी लई भूक लागली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. त्याआधी पुतणी महिनाभर माझ्याकडं गाडी शिकली. तिच्या बापानं नाही म्हटलं नाही. घाटाचा सराव करून परतताना मी तिला मुद्दाम बाजारातून, दादा गल्ल्यावर बसतात त्या आमच्या दुकानासमोरून गाडी न्यायला लावायची, आणि तिथं हॉर्न वाजवायला सांगायची.