जयवंताबाईंचा बत्ता

जाम गावात हायवेवरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो त्याच्या थोडं अलीकडे, एका कडुनिंबाखाली रूपराव मिस्त्रींचं गॅरेज होतं. टिनाचं छप्पर आणि तेलानं काळी पडलेली जमीन, एवढंच. मागच्या खोलीत ते आणि त्यांची बायको जयवंताबाई राहत. आमची भाड्याची खोली रस्त्याच्या या बाजूला होती. मुलं शाळेतून येताना तो हायवे ओलांडत, म्हणून शाळा सुटायच्या बऱ्याच आधीपासून मी दारात उभी असे. जयवंताबाई मला दिसत गेल्या त्या अशा, दारातून.

त्या काळात तेलाच्या क्लचचे ट्रक वाढू लागले होते. पेडल दाबलं की नळीतलं तेल खाली जातं आणि क्लच सुटतो. तेलात हवा शिरली की पेडल भुसभुशीत होतं, गिअर पडत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. वरचा केबिनमध्ये पेडल दाबून धरतो आणि ‘धरला’ म्हणून ओरडतो. मग खालचा गाडीखाली पडून नळीच्या टोकाचं निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करतो. हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, तो निपल आवळतो आणि ‘सोड’ म्हणतो. वरच्यानं पाय उचलला असताना निपल उघडं राहिलं, तर हवा परत आत.

रूपरावांच्या हाताखालचा कवडू बस डेपोत लागला, तेव्हापासून ज्याची गाडी तोच ड्रायव्हर पेडल दाबू लागला. आणि गाड्या परत येऊ लागल्या.

“काल हवा काढली, आज गिअर पडत नाई,” एक ड्रायव्हर चिडून म्हणाला. “मी वरून बोंबलून राह्यलो, अन् मिस्त्री आपल्याच मनानं निपल खोलते!”

तो गेल्यावर जयवंताबाईंनी नवऱ्याच्या तोंडासमोर उभं राहून, ओरडून सरळ विचारलं, “तुमाले आयकू येत नाई काय?”

“मले येते. तो ड्रायव्हरच मनातल्या मनात बोलते.”

पण इतकी वर्षं इंजिनं आणि घण यांच्यात गेलेले कान होते ते. ही गोष्ट चौकात पसरली तर गाड्या दुसरीकडे जाणार आणि मग देवळीला, रूपरावांच्या भावाच्या वावरात राबायला जावं लागणार. रूपराव तिथून भांडून निघालेले होते. जयवंताबाईंना ते घर नको होतं, रूपरावांना तर त्याहून नको होतं.

दुसऱ्या दिवशी लुगड्याचा काष्टा घट्ट करून त्या स्वतः केबिनमध्ये चढल्या. हातात खलबत्त्याचा बत्ता होता. पेडल पूर्ण दाबलं की त्या बत्त्यानं केबिनच्या तळावर एक ठोका मारत. खाली रूपरावांचा डावा तळवा चेसिसवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, टेकलेला असे. ठोका हाताला लागला की ते निपल सैल करीत. मी मात्र दारातूनच आधी चाकांना दगड लावलेत का ते बघून घेई.

ड्रायव्हर हसत. “काय मिस्त्री, वैनीले लायसन काढून देता का?”

“देतीन,” वरून उत्तर येई. “मंग गाडी मी नेतो चंद्रपूरले, तुमी घरी भाकरी थापजा.”

गाड्या परत येणं थांबलं.

वर्ध्याच्या हिरालाल शेटजींचे चार ट्रक या गॅरेजला येत. गॅरेज त्यांच्यावरच चालत होतं. एके दिवशी ते स्वतः ट्रकसोबत आले.

“लोक काय काय बोलून राह्यले, ते पाहाले आलो. बाई, तुम्ही उतरा. आज पेडल मी दाबतो.”

रूपराव गाडीखाली जाऊन पडले. “दाबा!” ते म्हणाले. शेटजींनी दाबलं आणि हळूच म्हणाले, “धरला.”

काही झालं नाही.

“धरला!” आता मोठ्यानं. रस्त्यापलीकडे मला ऐकू आलं. गाडीखालचे पाय हलले नाहीत.

जयवंताबाई मडगार्डला टेकून उभ्या होत्या, बत्ता हातातच होता. तो मडगार्डवर आपटला असता तरी रूपरावांना कळलं असतं आणि शेटजींना काही समजलं नसतं. मला वाटलं त्या तेच करतील. त्यांनी बत्ता खिडकीतून आत दिला.

“तोंडानं नाई, शेटजी. यानं ठोका. त्यायले आयकू येत नाई.”

“कधीपासून?”

“लय दिवस झाले.”

शेटजींनी ठोका मारला. निपल उघडलं. हवा निघाली, पेडल कडक झालं आणि शेटजी गाडी घेऊन गेले.

शेटजींना काय सांगितलं, हे जयवंताबाईंना नंतर हातवारे करून रूपरावांना सांगावं लागलं. ते इतके चिडले की बायकोशी बोलेनासे झाले. जेवणाचं ताट नुसतं सरकवलं जाई. केबिनमध्येही त्यांना जयवंताबाई नको होत्या.

पुढं शेटजींचे दोन ट्रक येत राहिले, दोन समोरच्या गॅरेजला गेले. एकदा आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं लोखंडी पाना हातात घेतला आणि तळावर ठोकलं. पण खालून ‘सोड’ यायच्या आधीच पाय उचलला. पेडल पुन्हा भुसभुशीत. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तसंच झालं. गाडीखालून पान्याचे दोन ठोके चेसिसवर वाजले. थोड्या वेळानं आणखी दोन.

जयवंताबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली, हात पुसले आणि बत्ता घेतला.

“उतरा भाऊ,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. “मले बलावून राह्यले.”