अळ्यांना घातलेलं पीठ

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत गेल्या पावसाळ्यात मी दोन बरण्या ठेवल्या होत्या. दोन्हींत जुन्या पिठात होतात तसल्या अळ्या, पण चांगल्या पोसलेल्या. एका बरणीत गव्हाचा कोंडा, दुसरीत नुसता थर्माकोल. या अळ्या थर्माकोल कुरतडतात आणि त्यांच्या आतड्यातले जिवाणू त्यातला काही भाग मोडतात, हे वाचून माहीत होतं. नुसत्या थर्माकोलवर त्या किती तगतात, विष्ठेत काय उरतं, ते मला स्वतः बघायचं होतं. अट एकच, त्या बरणीत दुसरं काही पडता कामा नये.

गौरी-गणपती पार पडल्यावर बरणी उघडली, तर थर्माकोलवर ज्वारीच्या पिठाचा थर आणि अळ्या त्यात लोळताहेत. सगळी मेहनत पाण्यात. माझं डोकंच फिरलं.

"मीच घातलं की," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या शेतकरी घरातल्या. दावणीच्या म्हशीला वैरण टाकल्याशिवाय त्यांच्याकडे कुणी ताटावर बसत नसे. "गौरीच्या जेवणादिवशी एकीला कोंडा आन् एकीला कचरा? ह्यो दुजाभाव माज्या घरात चालायचा न्हाय. मुक्या जिवास्नी असलं खायाला घालत्यात व्हय गं?"

बोलण्यात माया होती, आणि त्यामुळेच मी जास्त भडकले. कारण त्याच गौरीमागं थर्माकोलचं भलंमोठं मखर होतं. बंदी असताना नवऱ्यानं गुपचूप आणलेलं. मी ओरडले तेव्हा "वर्षातनं एकदा तर" असं त्यानं मलाच ऐकवलं. विसर्जनाला या मायलेकांनी मूर्ती नदीऐवजी पाण्यानं भरलेल्या मोठ्या काहिलीत बुडवली, पर्यावरणप्रेमी म्हणून फोटो काढून घेतला आणि मखर पंचगंगेच्या घाटावर टाकून घरी आले.

"आई, ते मखर आता कुठं असेल?"

"नदीनं न्हेलं असंल. पाणी चढलंय न्हवं."

"नदीत मुके जीव नसतात?"

"नदी वाहती असतीया. जातंय की फुडं."

पुढं, पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं, नृसिंहवाडी आहे. दर पौर्णिमेला सासूबाई तिथं संगमावर स्नान करतात, दत्ताचं दर्शन घेतात आणि घरासाठी बाटलीभर तीर्थ आणतात. तेच पाणी ना, असं मी तोंडावर विचारलं. नवरा मध्ये पडला, त्यालाही झापलं.

पौर्णिमेला त्या वाडीहून आल्या. नवऱ्याच्या हातावर पळीभर तीर्थ घातलं, मग आमच्या धाकट्या मुलीच्या. ती हात तोंडाकडे नेणार तोच मी मनगट धरलं आणि पाणी फरशीवर सांडून टाकलं.

तीर्थ कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सासूबाई दुखरे गुडघे धरत खाली बसल्या आणि पदरानं फरशी पुसायला लागल्या. त्यांना तसं बघून वाईट वाटलं. राग मात्र तेव्हाही गेला नाही, आणि अजूनही गेलेला नाही.