आबांच्या मोबाइलवरची जाहिरात

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाइल मीच घेऊन दिला. आई गेल्यावर शिरपूरजवळच्या गावात ते एकटेच राहत. मी नोकरीसाठी भुसावळला. कापसाच्या भावाचे व्हिडिओ कसे लावायचे ते मी शिकवलं. मध्ये जाहिरात आली की कोपऱ्यातलं बटण दाबून तोडायची, हेही सांगितलं. ते मात्र आबांना पटेना. ओट्यावर आलेला माणूस बोलत असताना त्याला मध्येच तोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आबांनी ती मोबाइललाही लावली. साबणापासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेत, वर मानही डोलावत.

असा श्रोता जाहिरातवाले सोडतात होय? थोड्याच दिवसांत शुगर मुळासकट घालवणारं चूर्ण विकणारा एक दाढीवाला दर व्हिडिओआधी येऊ लागला. आधी राम राम, मग तब्येतीची चौकशी, मग चूर्ण. आबांची शुगर जुनी. त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून चूर्ण मागवलं. मला कळलं तेव्हा मी जाम भडकलो. दिवाळीत गेलो, डबा उकिरड्यावर फेकला, मोबाइलमध्ये जाहिराती अडवणारं ॲप टाकलं, गोळ्या त्यांच्या हातात दिल्या आणि मोठा गड जिंकल्यासारखा परतलो.

दुसऱ्या दिवसापासून आबा दुपारी शेजाऱ्याकडे जाऊन बसू लागले आणि त्याच्या मोबाइलवर दाढीवाल्याला ऐकू लागले. चूर्णही तिथूनच मागवलं. मला हे फार उशिरा कळलं. मी आठवड्यातून एकदा फोन करायचो, गोळ्या घेतल्या का विचारायचो. ते हो म्हणायचे, मी फोन ठेवायचो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी हुशारी.

शुगरनं त्यांचे पाय बधिर झाले होते. चप्पल लागून झालेली जखम त्यांना दुखलीच नाही. शेजाऱ्याला वास आला तेव्हा त्यानं मला कळवलं. धुळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत पाय काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला.

चौथ्या दिवशी आबा नीट बोलू लागले, तर मी लगेच तोंडाचा पट्टा सुरू केला. किती समजावलं, ॲप टाकून दिलं, तरी तुम्ही त्या लबाडाच्याच नादी लागलात, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग छताकडे बघत म्हणाले, "तो रोज मनासंगे बोले. तू कवय बोलस?"

मी त्यांच्याशी कधी बोलतो, या प्रश्नानं मला फार शरम वाटली. यापुढे रोज फोन करेन असं म्हणणार होतो, पण माझा माझ्यावरच विश्वास बसेना. रजा त्या दिवशी संपत होती. आबांनी उशाखालचा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला आणि पहिल्यासारखं करून दे म्हणाले.

मी ॲप काढून टाकलं आणि साडेचारची बस धरली.